आडवी काच

“अडीच फूट,” असं म्हणून काकांनी टेप सोडली. ती सटकन डबीत गेली. “तीन फुटांची काच यात उभी राहणार नाही.”

शोरूमचा सेल्समन कसनुसं हसला. लोक या सात सीटांच्या मोठ्या एसयूव्हीत बसून बघत, स्टिअरिंग धरून फोटो काढत. मागचं दार उघडून, आत डोकं घालून छताची उंची मोजणारं गिऱ्हाईक त्याला आजच भेटलं होतं.

“काका, मागच्या सीटा दुमडल्या की हे बघा, पलंगासारखं सपाट. आडवं ठेवायचं काय ते.”

“काच आडवी नेत नाहीत.”

“बाबा, प्लीज,” मुलगा हळूच म्हणाला. “इथे नको.”

खिडकीची काच टेकवून उभी ठेवा, वर्षानुवर्षं तशीच राहील. आडवी टाका, की स्वतःच्याच वजनाने मध्ये झुकते आणि पहिल्याच खड्ड्याला जीव सोडते. हे काकांनी तीस वर्षांत हमालांना, गवंड्यांना, घरमालकांना सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं होतं. पण मुलाला सांगायची वेळ आली तेव्हा त्यांना अगदी वाईट वाटलं. याची शाळा, कॉलेज, टाय, सगळं त्या उभ्या काचांवरच तर झालं होतं.

गल्लीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. काच धरून चालताना ते दिवसभर “सांभाळून, सांभाळून” ओरडत, म्हणून सगळे त्यांना सांभाळूनकाका म्हणत. खिडकीचं माप तीन ठिकाणी घेणारा आणि सर्वांत लहान माप धरून काच कापणारा माणूस. चौकट कितीही वाकडी असो, यांची काच पहिल्या झटक्यात बसायची. त्यांची एकोणीस वर्षांची पिकअप मात्र आता थकली होती. ती देऊन तिच्या जागी एकच गाडी यायची होती, आणि कोणती, यावरून घरात दोन महिने धुसफूस चालू होती.

काकांना हवी होती ती बाहेर आवारात उन्हात उभी होती. डिझेलवरची नवी पिकअप. तिच्यापाशी सेल्समन फिरकलासुद्धा नव्हता. काकांनी एकट्यानेच जाऊन हौद्याचा पत्रा ठोकून पाहिला होता, चाकापाशी वाकून स्प्रिंगचे पाटे बघितले होते. काचा टेकवायची घोडी कुठे वेल्ड करायची, हेही त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं. कारण शाळेचं काम आलं होतं. बेचाळीस खिडक्या. मुख्याध्यापिका बाई स्वतः म्हणाल्या होत्या, “काका, घाई नको, पण हात तुमचाच लागू दे.” इतकं मोठं काम त्यांना आजवर मिळालं नव्हतं आणि या वयात पुन्हा मिळणारही नव्हतं.

“बाबा, रेडीमेड खिडक्या येतात आता, काचेसकट,” मुलगा म्हणाला. “शाळेचं करायचं तर करा ना हिच्यातून. मी कुठे नाही म्हणतोय?”

काकांनी बायकोकडे पाहिलं. ती मधल्या सीटवर जाऊन बसली होती. पाय लांब केले होते. हात हातटेकूवर असा ठेवला होता, की कोणीतरी येऊन उठवेल याची तिला भीतीच असावी.

“अहो,” ती म्हणाली, “तुमच्या गाडीत मी गिअरचा दांडा गुडघ्याला लागू नये म्हणून जन्मभर पाय आखडून बसले. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेलो, आठवतंय? मी उतरले तर गेटवरचा माणूस म्हणतो, सामान मागच्या दाराने घ्या.”

“आठवतंय की,” काका हसले. हा किस्सा तर ते चारचौघांत रंगवून सांगत.

“तुम्ही हसला होतात. मी नव्हते हसले.”

काकांचं हसू तोंडातल्या तोंडात विरलं. इतकी वर्षं आपण बायकोच्या अपमानावर टाळ्या घेत होतो, हे शोरूमच्या थंडगार हवेत त्यांच्या ध्यानात आलं. ‘नाही’ म्हणणं त्यांना तसंही कधी जमलं नव्हतं. ते ‘बघू’ म्हणत. या वेळी त्यांनी खिशातलं पेन काढलं.

“कुठे सही करू?” त्यांनी सेल्समनला विचारलं.

जुनी पिकअप गेली, तिच्याबरोबर तिला वेल्ड केलेली घोडीही गेली. नवी गाडी रोज मुलाबरोबर ऑफिसला जाई आणि दिवसभर तिथे उभी राही. काकांच्या वाट्याला शनिवार आला. शाळेच्या पहिल्या सहा काचा कापून तयार होत्या. भाड्याच्या टेम्पोसाठी त्यांनी दोघांना विचारून पाहिलं. घोडी दोघांकडे नव्हती, आणि “फुटली तर आमच्या डोक्यावर नको” म्हणून दोघांनी हात वर केले. बाईंना शनिवारचा शब्द दिलेला होता.

शेवटी त्यांनी सीटा दुमडल्या, वर जुनी गादी अंथरली, काचांच्या मध्ये वर्तमानपत्रं घातली आणि एकेक काच स्वतःच्या हाताने आडवी केली. आपण काय करतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बायको दारात उभी होती. त्यांनी गाडीचं मागचं दार अलगद लावून घेतलं.

सायकलवाले मागून पुढे जात होते, इतकी हळू त्यांनी गाडी चालवली. शाळेच्या फाटकासमोर गतिरोधक होता. पुढची चाकं अलगद गेली. मागची गेली तेव्हा पाठीमागे फारसा आवाजही झाला नाही. कोणी वाळकी काटकी मोडावी, तेवढाच.

सहाही गेल्या होत्या. काका तुकडे हाताने काढत होते तेव्हा मुख्याध्यापिका बाई बाहेर आल्या. त्यांनी चष्मा काढून गाडीत पाहिलं.

“काका, आडव्या आणल्यात?” त्या म्हणाल्या. “तुम्ही?”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. काका उगाच गादी झटकत राहिले. डाव्या हाताचं रक्त गादीवर पडतंय, हे बाईंनीच त्यांना दाखवलं. घरी पोचायच्या आत बाईंचा फोन आला: संस्थेने रेडीमेड खिडक्या बसवायचं ठरवलंय, वाईट वाटून घेऊ नका.

काकांनी मुलाला कळवलं, “काचा फुटल्या रे.”

“बाप रे! सीटांना काही झालं नाही ना?”

“नाही.”

“नीट बघा हां बाबा. उद्या सगळे निघतोय आपण. पोरगी मधल्या सीटवर अनवाणी उड्या मारते.”

घरी बायकोने हाताला पट्टी बांधली. मग म्हणाली, “आडव्या न्या असं मी म्हटलं नव्हतं.”

“तू नाही म्हणालीस. मीच नेल्या.”

रविवारी सकाळी सगळे आवरून खाली आले, तेव्हा काका गाडीतच होते. झाडून झालं होतं, ओल्या फडक्याने पुसून झालं होतं, कणकेचा गोळा सगळ्या फटींतून फिरवून झाला होता. पण काचेचा चुरा डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतो. त्यांनी उजवा तळवा धुऊन कोरडा केला आणि सीटवर दाबून सावकाश फिरवायला सुरुवात केली.

“बाबा, झालं का? उशीर होतोय,” मुलगा म्हणाला.

“आजोबा, बसू?” नात चपला काढून हातात घेऊन उभी होती.

“थांब जरा.”

एका सीटवर एकदा आणि मागच्या कोपऱ्यात दोनदा त्यांचा हात थबकला. दर वेळी त्यांनी तळव्यात रुतलेला कण नखाने काढला, कागदाच्या पुडीत टाकला आणि तीच जागा पुन्हा दाबून पाहिली. सातही सीटा झाल्या. पुडी खिशात घालून, गुडघ्यावर हात टेकत ते खाली उतरले.

“बस आता,” ते नातीला म्हणाले. “कुठेही बस.”