आधी सत्कार, मग सामना

लातुरात 'मी कोच आहे' असं सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कोणत्या विषयाचे? यासेर पहिलं वर्षभर प्रत्येकाला बसून समजावून सांगायचा. अमेरिकन फुटबॉल. पायाने कमी, हातानेच जास्त खेळतात. चेंडू गोल नसतो, पपईसारखा लांबट असतो. ऐकणारा शांतपणे मान डोलवायचा आणि शेवटी विचारायचा, "ते ठीक हाय, पर फिजिक्सला कोन हाय तुमच्याकडं?" मग त्यानं समजावणं सोडून दिलं. विषय विचारला की तो सरळ 'बायोलॉजी' म्हणायचा आणि सुटायचा.

कंधारच्या लालमहंमद गादीवाल्यांचा हा मुलगा हैदराबादला शिकायला गेला आणि तिथल्या कॉलेजच्या संघाचा क्वार्टरबॅक झाला. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. चेंडू आधी त्याच्या हाती येतो, आणि कुणाकडे फेकायचा ते तोच ठरवतो. कॉलेजात यासेरला डोक्यावर घेऊन नाचले. पदवी हातात पडली आणि खेळ संपला, कारण आपल्याकडे त्या खेळाला पुढे वाटच नव्हती. मग तो नांदेडच्या एका शाळेत लागला. त्यानं चेंडू बाहेर काढला की मुख्याध्यापक म्हणायचे, आधी कवायत बसवा, सव्वीस जानेवारी आली. सव्वीस जानेवारी गेली की पंधरा ऑगस्ट यायचा.

तिथून त्याला शिवप्रसाद सरांनी उचललं. लातुरात त्यांचे क्लासेस, वसतिगृह, चौकाचौकात त्यांचे फलक. खेळात भाग घेतला की बोर्डाच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात, हे त्यांना खेळाडूंच्याही आधी कळलं होतं. खेळ जेवढा अनोळखी तेवढी गर्दी कमी, हेही त्यांना कळलं होतं. त्यांनी लगोलग जिल्ह्याची संघटना काढली आणि स्वतः तिचे सचिव होऊन बसले. असल्या हिशेबी खेळप्रेमाची यासेरला पहिल्या दिवसापासून शिसारी होती. पण मैदान मिळत होतं, म्हणून तो मूग गिळून बसला.

आणि त्याला तनुजा मिळाली. इस्लापूरकडच्या एका खेड्यातली, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसणारी. ज्वारीवरची पाखरं ढेकळं मारून उठवण्यात तिचं बालपण गेलं होतं. मुली ज्या प्रकारचा सामना खेळत त्यात कुणाला आडवं पाडायचं नसतं, कमरेला लावलेली पट्टी ओढायची असते. त्यामुळे त्या स्वतःला 'पट्टीच्या खेळाडू' म्हणवून घ्यायच्या. त्यात तनुजा खरोखरच पट्टीची निघाली. तिनं फेकलेला चेंडू पळणाऱ्या पोरीच्या छातीशी अलगद जाऊन बसायचा, आणि ते बघताना यासेरला स्वतःच्या दंडात कळ आल्यासारखी वाटायची.

विभागीय स्पर्धा जिंकणाऱ्या संघाची क्वार्टरबॅक राष्ट्रीय शिबिराला जाणार, असं ठरलं होतं. तनुजानं एकदाच विचारलं, "सर, शिबिराच्या पुढं काय असतं?"

"पुढं भारताचा संघ असतो," यासेर म्हणाला. "तू जिंक. बाकी माझ्यावर सोड."

स्पर्धेला संघ आले दोनच, तेव्हा पहिलाच सामना अंतिम. दुसरा संघ नांदेडकडचा, एका साहेबांच्या शिक्षणसंस्थेचा, आणि प्रमुख पाहुणे म्हणून तेच साहेब. सामना सकाळचा होता. साहेब आले उन्हं कलल्यावर. तोवर दोन्हीकडच्या पोरी टाळ्या वाजवण्यासाठी उन्हात रांगेनं बसवलेल्या. मग सत्कार सुरू झाले. साहेबांचा झाला, साहेबांच्या भावाचा झाला, बोर्डिंगला तांदूळ देणाऱ्याचा झाला, मंडपवाल्याचाही झाला. शाली, नारळ, पुन्हा शाली.

तेवढ्यात साहेबांनी घड्याळ पाहिलं. मुखेडला लग्न होतं, अक्षता गाठायच्या होत्या. शिवप्रसाद सरांनी माइक ओढला. "साहेबांचा वेळ अमूल्य आहे. तेव्हा त्यांच्या शुभहस्ते बक्षीस वितरण आत्ताच उरकून घेऊ!"

यासेरला वाटलं, सर गंमत करतायत. पण टेबलावरचा चषक उचलला गेला आणि विजेता म्हणून साहेबांच्याच संस्थेचं नाव पुकारलं गेलं. शिबिरासाठी त्यांच्या क्वार्टरबॅकची, मलिकाची, निवडही जाहीर झाली. घरच्याच पाहुण्यांनी घरच्याच पोरींना चषक दिला. कोऱ्या बुटांतली मलिका बिचारी चषक धरून उभी राहिली आणि शेजारच्या बाईंना म्हणाली, "मॅडम, हम तो अब्बी खेलेच नै." बाईंनी तिला हसायला सांगितलं. गाडी निघून गेली. वरातीमागून घोडं म्हणतात ते यालाच.

"सर, हे काय करून राहिलेत तुम्ही?" यासेरनं त्यांना गाठलं.

"काय केलं? सामना होनारच हाय की. कोन न्हाई म्हनतंय?"

"आणि आम्ही जिंकलो तर?"

"मग जिंका ना. लई चांगलं. पोरींना पोहे सांगितलेत."

धमकी दिली असती तर यासेरला बरं वाटलं असतं. या माणसाला हार-जीत सारखीच होती, आणि तीच सगळ्यांत किळसवाणी गोष्ट होती.

तनुजाला सगळं दिसलं होतं. तिनं केस घट्ट बांधले आणि मैदानात उतरली. त्या संध्याकाळी ती जशी खेळली तशी आधी कधी खेळली नव्हती. समोरच्या पोरींना पट्टी कधी ओढायची हेसुद्धा ठाऊक नव्हतं. पंचांनी गुणांची मोजदाद मधेच सोडून दिली. शेवटी शेवटी तर मलिका तिला विचारत होती, चेंडूवर बोटं कुठं ठेवायची, आणि तनुजा दाखवत होती.

सामना संपताच यासेर थेट मंचावर गेला. मागोमाग सगळा संघ येऊन मंचाखाली उभा राहिला. मंडपवाल्याची माणसं खुर्च्या गोळा करत होती. "चषक परत मागवा," तो ओरडला. "शिबिराला तनुजा जाईल. हे झालं नाही तर मी वर तक्रार करीन, पेपरात देईन, तुमची संघटना..."

शिवप्रसाद सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकदम कपाळावर हात मारला. "अरे देवा! आपल्या सरांचा सत्कारच ऱ्हायला की!"

खुर्चीवर एक शाल उरली होती. ती उलगडून ते समोर आले. आता आपल्याकडे कुणी शाल घेऊन समोर आलं की मान आपोआप खाली जाते. शाल झिडकारायची रीतच कुणी शिकवलेली नाही. झिडकारणारा माजोरडा ठरतो. यासेरचा राग डोक्यातच राहिला आणि मान खाली गेली. हात जोडले गेले. हातात नारळ आला. फोटोवाल्यानं 'हसा सर' म्हटलं. "आभारी आहे," यासेर म्हणाला. तक्रारीचं अर्धं वाक्य राहिलं होतं, पण शाल-नारळ घेतलेल्या माणसानं ते कोणत्या तोंडानं पुरं करायचं?

"तनुजाचं पुढल्या साली बघू. लई ताणू नका," शिवप्रसाद सर त्याच्या कानात म्हणाले. आणि यासेरनं मान हलवली. खाली पोरी उभ्या होत्या. त्यांनी ती हललेली पाहिली.

सकाळी कंधारहून अब्बांचा फोन आला. "बेटा, पेपर में फोटू आया तेरा! सारे बाजार कू दिखाया मैं!" त्यांनी शेजारच्या दुकानदाराकडून फोटोखालची ओळ वाचून घेतली होती, ती पाठ म्हणून दाखवली : विजेत्या संघाचे प्रशिक्षक यासेर लालमहंमद यांचा सत्कार. यासेरनं पेपर पाहिला. फोटोच्या वरच बातमी होती, आणि तिच्यात विजेता संघ दिला होता. साहेबांच्या संस्थेचा. म्हणजे पेपरापुरता यासेर त्यांचाच कोच झाला होता.

"हाव अब्बा," तो म्हणाला. त्या म्हाताऱ्याला खरं सांगायची हिंमत त्याच्यात नव्हती. काल त्याला शिवप्रसादची किळस आली होती, साहेबांची आली होती. आज ती स्वतःचीच येत होती, आणि तोंड धुतल्यानं ती जात नव्हती.

मैदानावर तनुजा एकटीच आली होती. तिनं कमरेची पट्टी नीट गुंडाळून त्याच्या हातात दिली. पेपर तिनंही वाचला होता.

"अभिनंदन सर," ती म्हणाली. "आपल्यातलं कुनीतरी जिंकलं म्हनायचं."