उघडं दार, बंद फायली

मित्रांनो, मी एक जुनी फायरवॉल आहे. धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात, चहाच्या थर्मासशेजारी बसवलेली काळी पेटी. इंटरनेटवरून आत येणारी प्रत्येक गोष्ट तपासायची आणि वाईट ते दारातच अडवायचं, हे माझं काम.

आले तेव्हा कौतुक झालं. मग अंगावर चहा सांडला, झुरळं फिरली. झुरळांची सवय झाली. माणसांच्या आळसाची मात्र किळस येऊ लागली.

नवे चोर कसे ओळखायचे, हे मला अपडेटमधून कळतं. संगणक सांभाळणारी नीला दर महिन्याला व्यवस्थापक मनोहररावांकडे जायची. "सर, अपडेटसाठी अर्धा घंटा नेट बंद ठेवा लागते."

"इथं पेशंटची लाइन लागून राहिली अन् तुले अपडेट सुचते काय वं? पुढच्या महिन्यात पाहू."

असा पुढचा महिना दोन वर्षं आलाच नाही. वर मनोहररावांना बेसा उपनगरातल्या आपल्या घरून दवाखान्याचा संगणक चालवायचा होता, म्हणून माझं एक दार कायमचं उघडं ठेवायला लावलं. नीलानं लेखी हरकत घेतली. त्यांनी त्या कागदावर चहाचा कप ठेवला.

एका सोमवारी सकाळी त्याच दारातून चोर शिरले. माझ्या डोळ्यांदेखत! मी त्यांना ओळखलंच नाही. दहा मिनिटांत साऱ्या फायलींना त्यांचं कुलूप लागलं.

त्या दिवशी काटोलकडच्या रुखमाबाईंच्या डोक्यातली गाठ काढायची होती. डॉक्टरांना त्यांचा एमआरआय उघडेना. दुपारपर्यंत त्या उपाशीपोटी बाकावर बसून होत्या.

"काहून थांबवलं जी साहेब? माह्यं काही चुकलं काय?"

"मशीन खराब निघाली, आजी," मनोहरराव म्हणाले.

मला शिसारी आली. पण मला कुठलं तोंड!

नीला पुढे झाली. "मशीन नाही, आजी. चूक आमची आहे. चोर येतील हे माहीत असून आम्ही दार उघडं ठेवलं."

आजींनी मनोहररावांकडे पाहिलं. "अन् तुम्ही मशीनवर ढकलून राहिले?"

मनोहररावांनी मान खाली घातली. नीलानं तिथल्या तिथे ते दार बंद केलं. एमआरआय पुन्हा काढावा लागला. शुक्रवारी ऑपरेशन झालं आणि आजी वाचल्या. गाठ चार दिवस थांबली, हे केवळ नशीब.

मित्रांनो, संगणकावर अपडेटची सूचना आली की 'नंतर' हे बटण दाबण्याआधी एवढंच विचारा: नशीब दर वेळी साथ देईल का?