कागदावरचे चौतीस बेडूक

पाहणी कशी होते, हे तुम्हां-आम्हांला कुणी सांगायला नको. दारात माणूस येतो, अर्धी नावे शेजाऱ्याला विचारून लिहितो, उरलेले रकाने चहा पिता पिता अंदाजाने भरतो आणि पुढच्या दाराला जातो. आपणही ओट्यावर उभे राहून त्याला हसत हसत मदत करतो. यात कुणाचे काय बिघडते, असे आपल्याला वाटते. लासुर्ण्याच्या सोमनाथलाही तसेच वाटत होते.

सोमनाथ आळशी नव्हता. शेतीची पदविका झालेली, घरचा चार एकर ऊस, बोलायला गोड. इंदापूरच्या संशोधक करुणा मॅडमनी उसातल्या किडी आणि शिवारातले बेडूक यांचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा लासुर्ण्यासाठी त्यांनी यालाच निवडले. काम सरळ होते. आठवड्यातून एकदा दिवेलागणीला पाच ठरलेल्या जागी जायचे. उसाच्या बुडाशी उकरून हुमणीच्या अळ्या मोजायच्या, बांधावर आणि विहिरीच्या काठाला बेडूक मोजायचे, त्यांचा पाच मिनिटांचा आवाज मोबाइलवर घ्यायचा आणि सगळे मॅडमना पाठवायचे. गावातला शेतकरी गट या आकड्यांवर चाले. हुमणी वाढली की सगळ्यांनी एकाच पाणीपाळीला दाणेदार औषध टाकायचे. पण बेडूक घटलेले दिसले, तर औषध पाण्यात उतरते आहे असे समजून तिथेच थांबायचे, असे मॅडमनी गटाला बजावून ठेवले होते.

पाचपैकी चार जागा रस्त्याकडेला होत्या. पाचवी होती गेणबाची विहीर, शिवाराच्या खालच्या अंगाला, अर्धा कोस उसातून आत. तिथे गेणबा आणि त्याची बायको अक्काबाई अशी दोघेच राहात. जूनमध्ये सोमनाथ तिथे गेला होता, तेव्हा त्याने मन लावून चौतीस बेडूक मोजले होते. आवाज घेणे चालू असतानाच गेणबाने लांबून हटकले, मग झोपडीपाशी चहाला बसवून घेतले आणि गप्पांच्या नादात मोबाइल वीस-पंचवीस मिनिटे बांधावर तसाच चालू राहिला. पुढे ऊस डोक्यावर गेला. बिबट्या दिसल्याची आवई उठली. सोमनाथने एका आठवड्याला टाळले, मग दुसऱ्या. जूनच्या त्या लांब आवाजातले वेगवेगळे तुकडे कापून तो दर आठवड्याला एक पाठवू लागला. आकडा कधी एकतीस, कधी छत्तीस. तोच तो आकडा लिहिला तर संशय येतो, एवढी अक्कल त्याला होती.

श्रावणात गेणबा वारला. सोमनाथ मातीला जाऊन आला, खांदाही दिला. विहिरीकडे मात्र त्याने त्या दिवशीही पाहिले नाही.

भाद्रपदातल्या एका मंगळवारी तो स्टँडवर चहा घेत होता, तेव्हा करुणा मॅडमचा फोन आला.

“सोमनाथ, मी काल तुमचे पाचव्या जागेचे चार आठवड्यांचे आवाज एका बैठकीला ऐकले,” त्या म्हणाल्या. “बेडकांचं नंतर बोलू. तिथे एक म्हातारे गृहस्थ आहेत का?”

“का हो मॅडम?”

“चारही आठवड्यांत ते खोकताहेत. छातीतून येणारा खोकला आहे, मला तो बरा वाटत नाही. परवाच्या आवाजात तर ते विचारतात, ‘कोण हाय रं तितं?’ तुम्ही काहीच बोलत नाही. त्यांना इंदापूरला घेऊन या. मी डॉक्टरांशी बोलून ठेवते.”

सोमनाथच्या हातातला चहा निवून गेला. “आणतो मॅडम,” एवढेच त्याच्या तोंडून निघाले.

फोन ठेवल्यावर तो गाडीपाशी जाऊन उभा राहिला आणि परवा पाठवलेला तुकडा त्याने कानाला लावला. इतक्या आठवड्यांत त्याने तो एकदाही ऐकला नव्हता. बेडकांचा गदारोळ होता. त्यात खोकला होता, आणि मग गेणबाचा तो ओळखीचा घोगरा आवाज. माती देऊन महिना उलटलेला माणूस सप्टेंबरच्या तारखेखाली विचारत होता, कोण हाय रं तितं? रस्त्यावरून मोकळे ट्रॅक्टर धडधडत गेले तरी सोमनाथ तिथून हलला नाही.

आता एकच मार्ग त्याला सुचला. आज जायचे, नवा आवाज घ्यायचा आणि म्हातारा वारला म्हणून कळवून मोकळे व्हायचे. पापभीरू माणसालाही आधी निस्तरायचेच सुचते, कबूल करायचे नाही. सूर्य कलल्यावर त्याने गाडी पाण्याच्या चारीच्या कडेला लावली आणि तो उसात शिरला.

वाट पाचटाने भरली होती. दोन्ही बाजूंनी ऊस इतका दाट की आभाळाची एक पट्टीच दिसत होती. अर्ध्या वाटेवर त्याच्या लक्षात आले, की आपल्याला आपल्या पायांखालच्या पाचटाखेरीज दुसरा कसलाच आवाज येत नाही. रातकिडा नाही, डराव नाही, बांधावरून पाण्यात उडी मारल्याचा साधा चुबुक आवाजही नाही. तो थांबला, तेव्हा तेवढाही आवाज थांबला. त्याने उगाच खाकरून पाहिले आणि त्याचे त्यालाच कसेसे झाले.

तोल सावरायला त्याने कडेच्या उसाला हात घातला. ऊस हिरवागार होता, पुरुषभर उंच. तो अख्खा बेटासकट हातात आला. खाली मुळी शिल्लकच नव्हती. सोमनाथने मोबाइलचा दिवा लावून माती उकरली. एका बेटाखाली अकरा अळ्या निघाल्या, पांढऱ्या, जाड, अंग वळवून पडलेल्या. त्याने पुढच्या बेटाला हात लावला. तेही आले. त्याच्या पुढचेही आले. बाहेरून राजासारखा दिसणारा तो सगळा फड नुसता मातीत टेकून उभा होता, आणि आपण कागदावर तिथे दर आठवड्याला दोन अळ्या लिहीत आलो, हे त्याला आठवले.

समोर विहिरीचा काठ दिसू लागला. त्याने मोबाइल चालू केला आणि श्वास रोखून उभा राहिला.

“कोण हाय रं तितं?”

सोमनाथच्या अंगावर सरसरून काटा आला. मग झोपडीच्या आडून कंदील घेऊन अक्काबाई आली, तेव्हा त्याने श्वास सोडला.

“मी सोमनाथ, आक्का.”

“व्हय का. यी, बस. लई दिसांनी आलास.” तिच्या दुसऱ्या हातात बांबूला बांधलेली जाळी होती. “पाणी शेंदायला आले हुते. आदी जाळी फिरवते.”

“जाळी कशाला?”

“आकाडात औषद पडलं नव्हं, त्याच्या फुडच्या आटवड्यात बेडकं वर यायला लागली. पांढरी प्वाटं वर करून. रोज धा-बारा काढून पुरली. मंग दोन-चार. आता कायबी निगत न्हाय. पर सवय लागलीया हाताला.” तिने पाण्यावरून जाळी फिरवली आणि रिकामी वर घेतली.

सोमनाथने रिकाम्या जाळीकडे पाहिले. “मग गावात सांगितलं नाहीस?”

“सांगाया गेले की. गटाची मीटिंग हुती देवळात. रणजितरावानं तुजाच कागद वाचला. गेणबाच्या हिरीवर छत्तीस बेडकं, म्हनला, जोरात वरडत्यात. म्या गपच बसले. म्हनलं, शिकलेल्या पोरानं मोजून लिवलंय. तवा मेली ती मेली, नवी आली आसतील, दिसत न्हाईत ती माज्या डोळ्यांला. आन् ऐकू येत न्हाय म्हंजे माजंच कान गेलं.” तिने कंदील खाली ठेवला आणि त्याच्याकडे तोंड केले. “तू हायस म्हनून इचारते. आता वरडत्यात का रं?”

खरे तर सांगायला एवढी सोपी संधी पुन्हा मिळणार नव्हती. सोमनाथने विहिरीकडे पाहिले. आत काळे पाणी हलतसुद्धा नव्हते.

“व्हय आक्का,” तो म्हणाला. “वरडतायत.”

अक्काबाईने मान हलवली. “मंग कान गेलंच म्हनायचं,” ती पुटपुटली. तिने बादली सोडली, शेंदली, तांब्या भरला. आधी पाहुण्याला द्यायचा म्हणून तिने तो सोमनाथपुढे धरला. त्याने हात पुढे केला नाही, तशी ती स्वतःच्या ओठाशी नेऊ लागली.

“पिऊ नको!” सोमनाथने तांब्याला हिसका दिला. पाणी तिच्या लुगड्यावर सांडले. “आक्का, एकसुद्धा बेडूक नाही इथं. तुझे कान चांगले आहेत. मी जूनपासून इकडे फिरकलोच नाही. सगळं घरी बसून लिहिलं.”

अक्काबाईने रिकामा तांब्या काठावर ठेवला. कंदिलाभोवती एक पाखरूही फिरत नव्हते.

“न्हाई ना वरडत?” तिने विचारले.

“नाही.”

“मंग दोन म्हयनं मी माजंच कान का कोसत हुते रं?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच सोमनाथला सोसवेना. तो विहिरीच्या काठावर बसून लहान मुलासारखा रडला.

तिथूनच त्याने मॅडमना फोन लावला आणि काहीही न झाकता सांगितले. मॅडमनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “औषधाचा दुसरा हात कधी टाकणार आहेत?”

“परवा. कालव्याची पाळी आली की.”

“मी उद्या सकाळी येते. आजींना आज रात्री तुमच्या घरी न्या.”

दुसऱ्या दिवशी विहिरीच्या पाण्याचे नमुने घेऊन झाल्यावर गट देवळाच्या मंडपात बसला. रणजितराव गटाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या बारा एकरांत हुमणी होती आणि औषधाच्या गोण्या येऊन पडल्या होत्या.

“मॅडम, आमी कागदावर चाललो,” ते म्हणाले. “कागद तुमचाच. आता चार बेडकांसाठी पाळी सोडायची व्हय?”

“बेडकांसाठी नका सोडू,” करुणा मॅडम शांतपणे म्हणाल्या. “माझे वडील शाळेत मास्तर होते. हजेरी घेताना मान वर करून पोराचं तोंड बघायचे, मगच खूण करायचे. मी विचारलं, नाव पुकारलं की पोर ओ देतंच, मग बघायचं कशाला? ते म्हणाले, ओ कुणीही देतं. रणजितराव, तुमच्या शिवारात दोन महिने मेलेल्यांनी ओ दिली आणि आपण सगळ्यांनी खूण केली. मीही केली, इंदापुरातल्या खुर्चीत बसून. हुमणीचे जमिनीवर आलेले भुंगेरे खाणारा बेडूक गेला, हुमणी राहिली, आणि ज्या विहिरीत सगळ्या शिवाराचा पाझर उतरतो तिचं पाणी ही बाई पीत राहिली. आता दुसरा हात टाकायचा असेल तर आधी त्या पाण्याचा एकेक पेला आपण घेऊ.”

सोमनाथ उठला. त्याने दहा आठवड्यांची पत्रके आणली होती. एकेका पत्रकावरचा पाचव्या जागेचा आकडा वाचून त्याने सगळ्यांसमोर त्यावर काट मारली आणि शेजारी ‘पाहिले नाही’ असे लिहून सही केली. शेवटी त्याने कालची तारीख घातली आणि बेडकांच्या रकान्यात शून्य लिहिले.

रणजितरावांनी ते पत्रक हातात घेतले. दोनदा वाचले. “पाळी हू द्या,” ते म्हणाले, “औषद न्हाय टाकायचं. आन् आक्काच्या वस्तीवर पान्याचा टँकर माज्याकडनं जाईल.”

माणसे उठू लागली, तशी मागे बसलेली अक्काबाई पुढे आली. ती मॅडमसमोर उभी राहिली.

“बाय, एक इचारू? आमचं ह्ये बी तेच पानी पीत हुतं. खोकला आदीपासनंच हुता. पर औषद पडल्यावर दीड म्हयन्यात गेलं. त्या पान्यानं गेलं का, नशिबानं?”

करुणा मॅडमनी तिचा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. “मला सांगता येणार नाही, आजी,” त्या म्हणाल्या. “ते आजारी असताना पाण्यात काय होतं, हे त्या आठवड्यांत कुणी तिथं येऊन पाहिलं असतं, तर कळलं असतं. आता अंदाजानं मी तुम्हांला काही सांगणार नाही.”

अक्काबाईने वळून सोमनाथकडे पाहिले. ‘पाहिले नाही’ लिहिलेली ती दहा पत्रके त्याच्या हातात होती, आणि तिला हवे होते ते उत्तर त्यांतच असायला हवे होते.

सोमनाथ आता दर मंगळवारी न चुकता त्या उसातून आत जातो. अजून शून्यच लिहितो आणि अक्काबाईला वाचून दाखवतो. मित्रहो, कुठे ना कुठे आपणही असे रकाने भरत असतो, कार्यालयात, शाळेत, दवाखान्यात, आणि म्हणतो की एका आकड्याने काय होते. खोटा आकडा पुढे कधीतरी दुरुस्त करता येतो. पण त्या दिवशी जे पाहायचे राहून गेले, ते पुन्हा कुणालाच पाहता येत नाही. नवऱ्याला कशाने मरण आले, एवढेसुद्धा त्या बाईला या जन्मी कळणार नाही. म्हणून सही करण्याआधी उठा, आणि एकदा जाऊन बघून या.