वाफ

मास्तरांची बायको शिवणकाम करायची. त्या वर्षी थंडी हटता हटेना, म्हणून तिने परसात रोपांसाठी प्लॅस्टिकचं घर करायचं मनावर घेतलं. नव्या गादीवरचा जाड प्लॅस्टिकचा कागद तिने जपून ठेवला होता. तो मशीनच्या सुईखाली सरकेना, तेव्हा खाली वर्तमानपत्राची पट्टी धरून तिने शिवण मारली आणि पट्टी फाडून टाकली. फळ्यांची पेटी ठोकली, वर जुन्या खिडकीच्या चौकटीवर कागद ताणून झाकण केलं. आत टोमॅटोची चाळीस रोपं.

"काय हा पोरखेळ!" मास्तर म्हणाले.

ऊन चढलं की ती झाकण उचलून खाली वीट लावायची, संध्याकाळी मिटायची. रोपं तरारली.

मग तिच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं. तिला तीन दिवस तिकडे जायचं होतं.

"अहो, नऊ वाजता झाकण उचला. वाफ कोंडली तर रोपं शिजतील. ऐकताय ना?"

"हो गं."

"काय सांगितलं मी?"

"मी काय पहिलीतला पोरगा आहे?" मास्तर उखडले.

चौथ्या दिवशी दुपारी ती परतली. पेटीच्या कडांना चहूबाजूंनी चिकटपट्टी मारलेली. आत रोपं उकडलेल्या पालेभाजीसारखी आडवी.

"गारठा वाढला होता," मास्तर कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले, "एक फट ठेवली नाही बघ!"

"मी उघडायला सांगितलं होतं."

"झाकायला म्हणालीस. नीट सांगत नाहीस तू."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं ऐकू आलं होतं. जन्मभर वर्गात 'लक्ष कुठंय?' म्हणून पोरांचे कान पिळणारा माणूस! दुसऱ्या खेपेला कळा सुरू झाल्याचं तिने तीनदा सांगितलं होतं. उत्तरपत्रिका तपासता तपासता ते "आलोच" म्हणत राहिले. बाळ राहिलं नाही. तेव्हाही ते हेच म्हणाले होते, नीट सांगितलं नाहीस.

तिने चिकटपट्टी सोलली, कागद धुतला. दुसऱ्या दिवशी पेटी सुटी करून एकेक फळी शेजारी राहणाऱ्या, पोस्टात काम करणाऱ्या बाईंच्या गच्चीवर नेली, तिथे पेटी पुन्हा जोडली आणि नव्याने बी पेरलं. पेटी कुठे गेली, हे मास्तरांनी विचारलं नाही.

तीन-साडेतीन महिन्यांनी ताटात टोमॅटो आले.

"हल्ली बाजारात माल बरा येतो," मास्तर म्हणाले.

"हो," ती म्हणाली आणि पाणी आणायला उठली.