मर्लचा पूल, लॉर्नाचं पदक

लॉर्ना बील सहासष्ट वर्षांची. विन्स्लो कोव्हच्या अर्धमॅरेथॉनमध्ये तिचं पदक लागोपाठ तीन वर्षं हुकलं होतं. पदक तीन तासांच्या आत पोचणाऱ्यालाच मिळतं. शेवटच्या मैलाआधी खाडीवरचा उचलायचा पूल लागतो आणि लॉर्ना तिथे पोचली की नेमका तो वर जायचा. उचलणारा दुसरातिसरा कोणी नाही, तिचा नवराच, मर्ल.

"बोटीने भोंगा दिला की पूल उचलायचा, सरकारी नियम आहे," मर्ल म्हणायचा. "बायकोने भोंगा दिला तर काय करायचं, ते त्यात लिहिलेलं नाही."

चाळीस वर्षांत त्याने एकाही बोटीला ताटकळत ठेवलं नव्हतं, आणि याचा त्याला कोण अभिमान! अशा माणसापुढे डोकं आपटण्यात अर्थ नव्हता. म्हणून यंदा लॉर्नाने धक्क्यावरच्या, लॉब्स्टर पकडणाऱ्या अकराही बोटवाल्यांना गाठलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक ब्लूबेरी केक ठेवला.

"रविवारी दहा ते अकरा कोणी भोंग्याला हात लावायचा नाही," तिने बजावलं. केक खाऊन शब्द फिरवण्याइतकं नमकहराम त्या बंदरात कोणी नव्हतं.

रविवारी ती पुलाजवळ आली तेव्हा सोळा मिनिटं शिल्लक होती. गुडघे कुरकुरत होते, पण पूल खाली होता. पन्नासेक पावलं उरली आणि भोंगा वाजला, एक लांब, एक आखूड. बाहेरगावची कुठलीशी शिडाची नौका होती. तिच्या मालकाने केक खाल्लेला नव्हता.

आता घंटा वाजणार, फाटक पडणार. पण मर्लच्या केबिनमधून पाठोपाठ पाच आखूड भोंगे वाजले. पूल उघडता येत नाही, याची ती खूण. ती मर्लकडून आजवर कोणी ऐकली नव्हती.

"पूल बिघडलाय का?" रेडिओवर नौकेवाल्याने विचारलं. केबिनची खिडकी उघडी होती, त्यामुळे पुलावर चढलेल्या लॉर्नाला सगळं ऐकू येत होतं.

"पूल ठणठणीत आहे," मर्ल म्हणाला. "माझी बायको यायचीय. थांबा जरा."

लॉर्ना पुलाच्या मध्यावर खिळून उभी राहिली. इतकं गोड तो लग्नाच्या दिवशीही बोलला नव्हता.

मर्लने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बघत काय राहिलीस? पळ की. उद्या माझी नोकरी गेली, तर घरात निदान तुझं पदक तरी असू दे."