दोघींना पुरेल एवढी जागा

रबरी होडी धक्क्याला लावताना लंबूची नजर आधी मैत्रिणीकडे गेलीच नाही, तिच्या सामानाकडे गेली. दोन टणक सुटकेसा, एक बोचकं आणि लाकडी पेटीत बसवलेलं शिवणयंत्र. चार दिवसांच्या मुक्कामाला कुणी शिवणयंत्र घेऊन येत नाही. पण निघताना निम्मं घर पाठीवर घ्यायची ढापणीची खोड शाळेपासूनची, तेव्हा लंबूने प्रश्न गिळून टाकला.

शाळेत एकीची उंची आणि दुसरीचा चष्मा, एवढ्यावर ही नावं पडली होती. खरी नावं आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरली होती.

"मधोमध पाय टाक. काठावर नको, नाहीतर दोघी पोहत जाऊ."

"मला कुठे येतं पोहायला?" म्हणत ढापणीने नेमका काठावर पाय ठेवला.

सामानापायी दोन खेपा झाल्या. लांबून बोट अजून देखणी दिसायची. पांढरा रंग, उंच डोलकाठी, गुंडाळून ठेवलेलं शीड. लंबूचा नवरा भूगोलाचा मास्तर. जन्मभर नकाशावर छडी फिरवली आणि निवृत्त होताच राहतं घर विकून त्याने ही लाकडी बोट घेतली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात, ते हेच. जगाला प्रदक्षिणा घालायची होती. इंजिन दुरुस्त होईपर्यंत, आठच दिवस, म्हणून इथे नांगर टाकला. त्याला नऊ वर्षं झाली. इंजिन काही दुरुस्त झालं नाही, आणि दोन वर्षांपूर्वी मास्तर एकटेच पुढच्या प्रवासाला निघून गेले.

ढापणी शिडीवरून केबिनमध्ये उतरली, चष्मा पुसला आणि आजूबाजूला न बघता आधी मैत्रिणीकडे बघत राहिली.

"लंबू, तू वाकलीस गं."

"छत बुटकं आहे. नऊ वर्षं सलाम ठोकतेय त्याला."

दोघी हसल्या. मग लंबूने पाहुणीला घर दाखवलं, म्हणजे पाच पावलं चालवलं. हा गॅस, तो वापरून झाला की इथे बंद करायचा. हे पिण्याचं पाणी, कॅनमधलं, राजेशाही थाटात सांडायचं नाही. हा संडास. इथे दांडा वीस वेळा वर-खाली करायचा, अठरा वेळा केला तर केलेलं कर्म परत भेटायला येतं.

"आणि ती घरघर कसली?" ढापणीने विचारलं.

फळ्यांखाली पंप सुरू झाला होता. तळाशी पाणी साचलं की तो आपोआप लागायचा, उपसून झालं की थांबायचा. गेल्या महिन्यात तासातासाने लागायचा, आता वीस मिनिटांनी.

"फ्रिज," लंबू म्हणाली.

गेल्या महिन्यात धक्क्यावरच्या सुताराने येऊन सगळीकडे टोच्या खुपसून पाहिलं होतं. "पाण्याच्या रेषेवरची फळी आता फळी नाही राहिली, बाई. नुसता रंग राहिलाय. वजन वाढवू नका. बोट चार अंगुळं जरी खाली बसली, तरी वरच्या फटी पाण्यात जातील. आणि वारे सुटायच्या आत उतरा." दुरुस्तीचं विचारल्यावर त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि आपल्या जावयाचं काहीतरी सांगत बसला.

वारे सुटायला तीन आठवडे होते. उतरा म्हणणं सोपं, पण उतरायचं म्हणजे कुठेतरी उतरायचं. मूलबाळ नाही, भाऊ गेला, भावजय फोन उचलत नाही. राहता राहिली ढापणीची मागची खोली. गेली दहा वर्षं ढापणीच्या प्रत्येक पत्राचा, पुढे प्रत्येक मेसेजचा शेवट ठरलेला असायचा: मागची खोली तुझीच समज. लंबूने ती खोली मनात केव्हाच लावून टाकली होती. कॉट भिंतीला, मास्तरांचा नकाशा खिडकीशेजारी. तिथे ताठ उभं राहता येईल, या एका विचारावर ती महिनाभर जगली होती. फोनवर मागायला तिची जीभ रेटेना, म्हणून तर ढापणीला आग्रहाने बोलावलं. समोरासमोर मागायचं, तेही दुपारच्या चहाला, हे ठरलेलं होतं.

चहा झाला. बिस्किटं बुडवून झाली. शाळेतल्या गणिताच्या बाईंना दोघींनी पुन्हा एकदा नावं ठेवली. तेवढ्यात पंप लागला आणि सवयीने लंबूने घड्याळ पाहिलं. चौदा मिनिटं. चुकून असेल म्हणून तिने पुढच्या खेपेची वाट पाहिली. पुन्हा चौदाच. तिची नजर सुटकेसांवरून शिवणयंत्रावर गेली. आता मागायलाच हवं होतं.

"ढापणे, तुझी ती मागची खोली..."

"नाव नको काढूस." ढापणी एकदम हलकी झाल्यासारखी बोलू लागली. "मीही सकाळपासून कसं सांगू म्हणत होते. घरच सोडलं आम्ही. मुलाची बदली झाली, तिकडे त्यांना दोन खोल्या मिळाल्या. सून म्हणाली, आई, तुमची सोय हॉलमध्ये करू, पडद्यामागे. म्हटलं, पडद्यामागे मी नाटकात पण उभी राहिले नाही. मला माझी मैत्रीण आहे म्हटलं. तोंड वर करून सांगून आले बघ, की मी काही परत येत नाही."

लंबूने रिकामा कप उगाच पुसायला घेतला.

"तूच लिहायचीस ना दर वेळी, ये कायमची, दोघींना पुरेल एवढी जागा आहे? मुलाला वाचूनही दाखवलं मी ते."

लिहायची खरं. असं लिहायची रीत असते म्हणून लिहायची. सूर्योदयाचे फोटो पाठवायची, खाली ती ओळ. ढापणीनेही ती मागची खोली रीत म्हणूनच दिली होती आणि लंबूने ती खरी धरली होती. आता कुणी कुणाला हसावं? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण इथे काडीच आधार मागायला आली होती.

"बोलत का नाहीस? नको होतं का यायला?"

"वेडी का तू," लंबू म्हणाली.

ढापणी उठली. आता राहायचंच ठरलं, तर सामान वाटेत कशाला, असं म्हणत ती सुटकेस ठेवायला जागा शोधू लागली. बाकाखाली मावेना. जमिनीतल्या एका फळीला बोटाएवढं भोक दिसलं, म्हणजे खाली कप्पा असणार, असा जन्मभर शाळेत शिवण शिकवलेल्या ढापणीने हिशेब केला. लंबू नको म्हणेपर्यंत तिने फळी उचललीसुद्धा. खाली काळं पाणी डुचमळत होतं. त्यात लंबूची एक चप्पल तरंगत होती. पाणी हळूहळू चढलं आणि पंप सुरू झाला.

ढापणी गुडघ्यांवर बसून तो थांबेपर्यंत बघत राहिली.

"या बोटीत फ्रिज नाहीच ना?"

"नाही."

मग लंबूने सगळं सांगितलं. सुतार, फळी, वारे, तीन आठवडे. मागची खोलीही सांगितली, भिंतीकडेच्या कॉटसकट. सांगताना तिला लाज वाटली आणि रडूही आलं. वजनाचं तेवढं सांगितलं नाही.

ढापणीने चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्म्याविना तिचा चेहरा आठवीतल्या मुलीसारखा उघडा पडायचा. "पडद्यामागे गेले असते तर," ती म्हणाली, "निदान तुला तिथे चार दिवस बोलावलं असतं." मग तिने विचारलं, "सुतार खोटं बोलत असेल?"

"नाही गं."

बाहेर अजून ऊन होतं. ढापणीने फळी जागेवर बसवली, चष्मा चढवला आणि यंत्राची पेटी ओढून झाकण काढलं. जुनं, हाताने फिरवायचं, ओतीव लोखंडाचं यंत्र. उचलताना सकाळी दोघींना धाप लागली होती.

"शीड आण."

"कशाला? कुठे जाणार आहे ही बोट आता?"

"फाटलंय म्हणाली होतीस. मी कुणाच्या घरी फुकट राहत नाही."

लंबूने वर जाऊन शीड सोडलं आणि केबिनभर पसरलं. जाड कापड, उसवलेली कड. ढापणीने ती सुईखाली घेतली. तेवढ्यात पंप लागला. या वेळी दोघींनी घड्याळ पाहिलं.

"चौदा," ढापणी म्हणाली. जरा वेळ तिचा हात यंत्राच्या लोखंडावर तसाच राहिला. "लंबू, मी यायच्या आधी किती मिनिटांनी लागायचा?"

लंबू बुटक्या छताखाली वाकून उभी होती.

"एवढ्यानेच," ती म्हणाली. "आधीपासून."

"मग ठीक आहे," म्हणत ढापणीने सुईत दोरा ओवला.