सिमेंटच्या गोणीएवढं धनुष्य

माझ्या धनुष्यातून सुटणाऱ्या बाणाला चिठ्ठी बांधली तर उत्तर आधी येतं, हे मी पंचवीस वर्षं सांगत आलोय. एकदा एक बाण इतक्या वेगाने गेला की त्याची सावली जागेवरच राहिली. तीन दिवस वाट बघून बिचारी पायी निघाली, हेही सांगतो. लोक हसतात, गल्लीतल्या बाकावर सरकून जागा करून देतात, जाताना एखादं काम देऊन जातात. थापेबद्दल मला कधी लाज वाटली नाही.

पण ताणाचा आकडा मी आयुष्यात फुगवला नाही. थापेला थापेची जागा, आकड्याला आकड्याची. माझी जड धनुष्यं पन्नास किलोची. म्हणजे सिमेंटची अख्खी गोणी तीन बोटांच्या टोकावर अडकवायची आणि कानापर्यंत आणायची. साठी उलटल्यावरही मी माझं पन्नासचं धनुष्य कानापर्यंत आणत होतो, आणि ही थाप नाही असं दर वेळी शपथेवर सांगत होतो.

आमच्या कारखान्याची रीत सासऱ्यांनी घालून दिलेली. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, दोन खिडक्या आणि घोट्यापर्यंत लाकडाचा भुसा. भिंतीवर छातीच्या उंचीला एक खुंटा. अर्धवट तासलेलं धनुष्य त्यावर आडवं ठेवायचं, प्रत्यंचेला वजनकाट्याचा हूक अडकवायचा आणि खालच्या कप्पीतून दोर ओढायचा. दोर ओढला की धनुष्य वाकतं. बाक दोन्ही बाजूंना सारखा हवा, आणि हव्या त्या वजनाला हवा तेवढा यायला हवा. कमी आला की पोटाकडचं, म्हणजे प्रत्यंचेच्या बाजूचं, लाकूड पात्याने खरवडायचं, कागदाएवढं, आणि पुन्हा ओढायचं. पाठीला मात्र हात लावायचा नाही. असं महिना महिना चालतं.

सासरे म्हणायचे, बघणाऱ्याने ओढू नये आणि ओढणाऱ्याने बघू नये. ओढणारा खाली मान घालून दोराला लोंबकळलेला असतो, त्याला बाक दिसत नाही. बघणाऱ्याच्या हातात दोर दिला तर तो धनुष्याच्या प्रेमात पडतो आणि हात आखडतो. म्हणून मी सहा पावलांवर उभा राहून बाक बघायचो. दोरावर माझा मेहुणा. तो काटा वाचून आकडा पुकारायचा. बावीस वर्षं तो पुकारत होता आणि मी खरवडत होतो.

मागच्या महिन्यात गवंडी आला. हा आमच्या गल्लीत नवा, वर्षभरापूर्वी राहायला आलेला. पाठ दाराएवढी, बोलणं मोजकं. त्याने माझ्याकडून पन्नासचं धनुष्य नेलं होतं. ते त्याने माझ्या कामाच्या बाकावर ठेवलं, अगदी हळू, जसं कुणी आजारी माणसाला निजवतं.

बाहेरगावच्या स्पर्धेला गेला होता म्हणे. तिथे गट वजनावर पडतात आणि पंच प्रत्येक धनुष्य स्वतःच्या काट्याला लावून बघतात. याचं भरलं एकतीस. पंचांना वाटलं आपला काटा बिघडला. दुसरा आणला, तोही एकतीस. मग रांगेतले बाकीचे हसायला लागले.

"काका, मी रोज गोण्या उचलतो," तो म्हणाला. "हे ओढताना वाटायचं, आपल्यात फार ताकद आहे. मला एकदाही शंका आली नाही."

त्याला पैसे परत नको होते. तीन आठवड्यांनी पुढची स्पर्धा होती. पन्नास नसलं तरी चालेल, म्हणाला, जो आकडा असेल त्या गटात उतरतो. फक्त आकडा खरा द्या.

तो गेल्यावर मी माझं स्वतःचं धनुष्य काट्याला लावलं. बत्तीस. मग भिंतीवरची, दुरुस्तीला आलेली, एकूण पाच. सगळी तीसच्या आगेमागे. मला वाटलं काटा आंधळा झाला. शेजारच्या वाण्याची दहा किलोची पाच वजनं आणून टांगली. काटा बरोबर पन्नासवर जाऊन उभा राहिला.

मेहुणा आला तेव्हा वजनं अजून टांगलेली होती. त्याने बघितलं आणि चपला परत घालायला लागला. मी म्हटलं, बस. तो बसला. कधीपासून, विचारलं. पहिलं फुटलं तेव्हापासून, म्हणाला.

ते मला आठवत होतं. आमचं तिसरं धनुष्य सत्तेचाळीसला फुटलं होतं. हातभर ढलपा उडाला आणि मेहुण्याची भुवई फोडून गेला. मी तो किस्सा रंगवून सांगतो. माझ्या सांगण्यात ढलपा खिडकीतून बाहेर जाऊन एक कावळा घेऊन परत येतो.

"दाजी, तुम्ही सहा पावलं लांब असता," तो म्हणाला. "माझं तोंड त्याच्या समोर असतं. एकतीसच्या पुढे माझे हातच जात नाहीत. पहिल्यांदा म्हटलं, उद्या सांगू. मग तुम्ही सगळ्यांना पन्नास सांगून आलात."

काय झालं असेल ते मला तिथल्या तिथे कळलं. तो एकतीसवर थांबून पन्नास पुकारायचा. मी बघायचो, पन्नासला बाक अजून अपुरा आहे. मग मी खरवडायचो. तो पुन्हा एकतीसवर पन्नास म्हणायचा, मी पुन्हा खरवडायचो. म्हणजे त्याचं खोटं त्याने नुसतं उच्चारलं. लाकडातून कोरून काढलं मी, स्वतःच्या हाताने, डोळ्यात तेल घालून. त्यानंतर माझं एकही धनुष्य फुटलं नाही म्हणून मी मिशीला पीळ देत फिरलो, त्याचं कारणही हेच.

जेवायला बसलो तेव्हा बायकोला सांगितलं, तुझ्या भावाने काय केलंय ऐक. तिने ऐकलं. मध्ये एकदाही हात थांबला नाही तिचा, वाढत राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तिला ठाऊक होतं. नुसतं तिलाच नाही. चक्कीवाल्याला ठाऊक होतं, शिंप्याला ठाऊक होतं, शनिवारी मैदानावर तिरंदाजीला येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी आपापली धनुष्यं कधीच तोलून बघितली होती. तक्रार कोण करणार? हातात एकतीस, नावावर पन्नास. प्रत्येक जण आपापल्या घरी भीम. फक्त गवंडी नवा, त्याला कुणी सांगायचं राहून गेलं.

मी विचारलं, मला सांगावंसं नाही वाटलं कुणाला?

"तुम्ही किती खुशीत असायचात," ती म्हणाली. "आणि तुम्ही तरी कुठे रोज खरं बोलता?"

मी ताट बाजूला सारलं. मला वाटायचं मी बाकावर बसून सगळ्या गल्लीला गंडवतो. ते हसायचे तेव्हा सावलीच्या किश्श्याला हसतात असं मी धरून चाललो होतो. आता एकेक हसणं आठवून तपासायला लागलो. चक्कीवाला हसला होता ते बाणावर, की मी शपथ घेतली त्यावर? शिंपी डोळे पुसत होता तो कशाने? अशी बावीस वर्षांची हसणी. भीती मी मेहुण्याला माफ केली असती. भीती कुणालाही वाटते. पण तो प्रत्येक वेळी त्या बाकावर माझ्या शेजारी बसलेला असायचा.

आठ दिवस आम्ही बोललो नाही. नवव्या दिवशी मी माळ्यावरचं सात वर्षं सुकवलेलं लाकूड खाली काढलं. बाहेर पांढरं, आत विटकरी, एक गाठ नाही. एकट्याने तासलं. पण ओढायला आणि बघायला दोघं लागतात, आणि दुसरा तोच होता. निरोप पाठवला. आला.

मी म्हटलं, आज दोर माझ्याकडे. तू बघ.

तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. चार दिवस आम्ही तसं काम केलं. मी ओढायचो, आकडा सांगायचो, तो खडूने कुठे ताठ आहे ते दाखवायचा, मी खरवडायचो. त्याचा डोळा वाईट नव्हता. हेही मला कधी कळलं नव्हतं.

पाचव्या दिवशी पुरा ताण द्यायचा होता. दोर पकडून खाली बसलो आणि पहिल्यांदाच कळलं की धनुष्याचं पोट इथून केवढं दिसतं. तीस सहज गेले. पस्तीसला कप्पी कुरकुरली. अडतीस. चाळीस. लाकडातून एक बारीक आवाज आला, नखाने नख तोडल्यासारखा. कदाचित काहीच नसेल, सुकं लाकूड बोलतंच. पण माझे हात एकेचाळीसवर थांबले. मी थांबवले नाहीत, ते थांबले. पुढे ओढायचं म्हटलं तर कोपर ऐकेना, आणि डोळे आपोआप मिटले होते.

"किती झाले, दाजी?" त्याने विचारलं.

पन्नास म्हणणं किती सोपं होतं. जिभेवर तयार होतं, पिकल्या फळासारखं. तो पुढे म्हणाला असता बाक कमी आहे, मी खरवडलं असतं, गवंडी खूश, गल्ली खूश.

"एकेचाळीस," मी म्हटलं. "याच्या पुढे मी नेणार नाही. गवंड्याला एकेचाळीसच्या गटात पाठवू."

तो खिडकीपासून निघाला, भुशातून सहा पावलं चालत माझ्यापाशी आला, अंगठ्याने काट्याची काच पुसली आणि वाकून आकडा स्वतः वाचला.

"हो, एकेचाळीस," म्हणाला, आणि परत जाऊन उभा राहिला.

मी दोर तसाच धरून बसलो. बावीस वर्षं मी त्या खोलीत होतो. आकडा वाचायला ती सहा पावलं मी एकदाही चाललो नव्हतो.